ह्वांगल्येनचा गुण नेमका कोणत्या घटकाचा? वनौषधीचं रसायन आणि तिचं काम यांची सांगड कशी घालावी

चिनी भाषेत एक म्हण आहे: मुक्यानं ह्वांगल्येन खाल्ली, कडू लागली तरी सांगणार कोणाला! ज्या अवस्थेला आपण ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ म्हणतो, तिच्यासाठी तिकडे या मुळीची आठवण काढतात. ह्वांगल्येन म्हणजे कॉप्टिस या वंशातल्या वनस्पतींचं वाळवलेलं, जमिनीखालचं खोड. मोडून पाहिलं तर आत हळदीसारखं पिवळंधमक. हगवण, जुलाब, डोळे येणं यांसाठी चिनी वैद्य ती पिढ्यान्पिढ्या देत आले आहेत. डोळ्यांसाठी आपल्याकडे दारुहळदीचं रसांजन वापरत, हा योगायोग नाही. दोन्हींत पिवळं, कडू बर्बेरिन आहे.

इथेच मोह होतो. बर्बेरिन सर्वात जास्त, बर्बेरिन जिवाणू मारतं, म्हणून मुळीचा गुण बर्बेरिनचा. प्रोजेक्टच्या हंगामात माझ्याकडे असे प्रस्ताव दर वर्षी येतात. एका बाजूला एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख, दुसऱ्या बाजूला जिवाणूंची प्लेट आणि मध्ये ‘यावरून सिद्ध होते की’ हे वाक्य. त्या वाक्याच्या जागी किती काम असतं ते या लेखात टप्प्याटप्प्यानं सांगतो. उदाहरण ह्वांगल्येनचं घेतलंय, पण दारुहळद, गुळवेल, कुडा, कशालाही ही पद्धत लागू पडेल.

एक शब्द आधीच स्पष्ट करून ठेवतो. आलेखावरच्या टोकाला (एक टोक म्हणजे साधारण एक घटक) प्रयोगशाळेत सगळे ‘पीक’ म्हणतात, तसंच मीही म्हणणार आहे. शेतातल्या पिकाशी त्याचा संबंध नाही.

पहिला टप्पा: ‘गुण’ म्हणजे काय ते ठरवा

‘ह्वांगल्येन उष्णता काढते आणि ओल सुकवते’ हे चिनी वैद्यकाच्या भाषेत बरोबर असेल, पण प्लेटवर ते मोजता येत नाही. त्यातून मोजता येईल असा एकच प्रश्न निवडा. उदाहरणार्थ: आतड्यात संसर्ग करणाऱ्या अमुक जिवाणूची वाढ या मुळीच्या काढ्यानं किती कमी होते, आणि ते काम काढ्यातल्या कोणत्या घटकांचं?

आतड्याचा प्रश्न मी मुद्दाम निवडला. काढा पोटात गेला की आतड्यात थेट पोहोचतो, त्यामुळे प्रयोगशाळेतली चाचणी आणि प्रत्यक्ष उपचार यांत अंतर कमी राहतं. तुम्ही रक्तातली साखर किंवा चरबी निवडलीत तर हे अंतर एकदम वाढतं. ते पुढे येईलच.

दुसरा टप्पा: माल ओळखा, आणि वेगवेगळा गोळा करा

ह्वांगल्येन या एका नावाखाली चिनी फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक ग्रंथात, तीन जाती येतात. कॉप्टिस चायनेन्सिस म्हणजे ‘वेइल्येन’. तिच्या फांद्या कोंबडीच्या पंजासारख्या एकत्र आलेल्या असतात आणि बाजारात सर्वाधिक हीच मिळते. छोंगछिंगमधलं शिझू आणि हूपेमधलं लीछुआन हे तिच्या लागवडीचे नावाजलेले भाग. दुसरी कॉप्टिस डेल्टॉइडिया म्हणजे ‘याल्येन’, आणि तिसरी कॉप्टिस टीटा म्हणजे ‘युनल्येन’. ही तिसरी आपल्या घरची म्हणता येईल, कारण ती अरुणाचल प्रदेशातल्या मिश्मी डोंगरांतही उगवते. तिकडे तिला मिश्मी तीता म्हणतात. अतोनात उपशामुळे ती संकटात आहे, तेव्हा प्रयोगासाठी रानातली उपटलेली मुळी विकत घेऊ नका.

आपल्या बाजारात नेमकी अशीच गफलत दारुहळदीची होते. हिमालयातली बर्बेरिस अरिस्टाटा हवी असते आणि हातात बऱ्याचदा दक्षिणेकडची कॉसिनियम फेनेस्ट्रॅटम पडते. दोन्ही लाकडं पिवळी, दोन्हींत बर्बेरिन. नुसतं बर्बेरिन मोजून ही अदलाबदल पकडता येत नाही. म्हणून दळण्याआधी प्रत्येक नमुन्याचा फोटो काढा, आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघा, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख लिहून घ्या आणि एक तुकडा जपून ठेवा. दळल्यावर सगळंच पिवळं पीठ असतं.

आता नमुने किती घ्यायचे? एकाच दुकानातून दहा पुड्या आणल्या तर तो एकच नमुना दहादा मोजल्यासारखं होईल. इथे आपल्याला फरक हवा आहे. वेगळी जात, वेगळा प्रदेश, वेगळं वय (मुळी साधारण पाच-सहा वर्षांनी काढतात), कच्ची मुळी आणि दारूत किंवा आल्याच्या रसात परतलेली मुळी, खोड आणि बारीक मुळं, असं सगळं आणा. घटकांचं प्रमाण जितकं मागेपुढे असेल, तितकं कोण काय करतंय ते कळायला सोपं जातं. औषध कंपनीला एकसारखा माल लागतो. आपल्याला बरोबर उलटा.

तिसरा टप्पा: अर्क, म्हणजे अर्धी लढाई

काय काढायचं हे द्रावक ठरवतो, आणि द्रावक निवडताना उत्तर अर्धंअधिक ठरून जातं. याचा सर्वात प्रसिद्ध धडा चिनी वैद्यकातलाच आहे. १९६७ साली सुरू झालेल्या मलेरियाविरोधी मोहिमेत तू यूयू यांच्या गटाला छिंगहाओ या वनस्पतीचे अर्क कधी चालायचे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका जुन्या नोंदीत ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेनं गुण जात असावा हे त्यावरून त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कमी तापमानाला इथरनं अर्क काढला, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांमधला मलेरिया पूर्ण हटवला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ साली नोबेलही. वनस्पती तीच होती, फक्त अर्क वेगळा होता.

ह्वांगल्येनसाठी दोन अर्क काढा. पहिला मोजमापासाठी: फार्माकोपियातल्या पद्धतीप्रमाणे ०.२ ग्रॅम चूर्ण, ५० मिलिलिटर मिथेनॉल (त्यात १००ला १ या प्रमाणात हायड्रोक्लोरिक आम्ल) आणि अर्धा तास अल्ट्रासाउंड. यात अल्कलॉइड (बर्बेरिनसारखे नायट्रोजनयुक्त वनस्पती-घटक) जवळजवळ सगळे बाहेर येतात. दुसरा म्हणजे रुग्ण पितो तो पाण्याचा काढा. जिवाणूंवर लावायचा तो हा दुसरा.

काढ्याची एक खोड आहे. बर्बेरिन क्लोराइड गरम पाण्यात चांगलं विरघळतं, थंड पाण्यात फारसं नाही. काढा निवला की तळाशी पिवळा गाळ बसू लागतो. काढ्यात ह्वांगछिन म्हणजे स्कुटेलारिया किंवा ज्येष्ठमध असेल तर विचारूच नका. ह्वांगछिनमधलं बायकॅलिन आणि ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन ही आम्लं आहेत, बर्बेरिन अल्कलॉइड. दोघं एकमेकांना धरतात आणि काढा गढूळ होतो.

या गढूळपणानं आमचे तीन महिने खाल्ले. एचपीएलसीचा कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, तुंबू नये म्हणून काढा ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला, जिवाणूंवर मात्र गाळ ढवळून तसाच घातला. रसायन एका द्रवाचं मोजलं, गुण दुसऱ्याच द्रवाचा, आणि मग संबंध लागत नाही म्हणून आम्ही हैराण! तेव्हापासून नियम केला: एकाच नळीतला द्रव दोन्हीकडे जाईल, एकाच दिवशी, एकाच तापमानाला. गाळ बसला तर तो वेगळा काढून, आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये विरघळवून, त्याचंही मोजमाप होईल.

चौथा टप्पा: रासायनिक फिंगरप्रिंट

फिंगरप्रिंट म्हणजे नमुन्यातल्या सगळ्या पीकचा एकत्र आलेख. वेइल्येनसाठी चिनी फार्माकोपियाच्या २०२० च्या आवृत्तीत चार घटकांच्या किमान मर्यादा आहेत: बर्बेरिन ५.५ टक्के, कॉप्टिसिन १.६, पाल्मॅटिन १.५ आणि एपिबर्बेरिन ०.८०. इतर दोन जातींसाठी फक्त बर्बेरिनची मर्यादा आहे, याल्येनला ४.५ आणि युनल्येनला ७.० टक्के. वेइल्येनचे चारही घटक एकाच प्रमाणित पदार्थाच्या, म्हणजे बर्बेरिन हायड्रोक्लोराइडच्या हिशेबात मोजायचे असतात. कॉप्टिसिन आणि एपिबर्बेरिनची शुद्ध प्रमाणकं (तुलनेसाठीचे शुद्ध नमुने) महाग पडतात, त्यामुळे कमी बजेटच्या प्रयोगशाळेला ही सोय फार मोलाची आहे.

मोजताना या गोष्टी सांभाळा.

प्रमाणक कोणत्या रूपात आहे ते बाटलीवर वाचा. बर्बेरिनच्या धन आयनाचं वजन ३३६, क्लोराइडचं ३७२ आणि त्याच क्लोराइडच्या दोन पाण्याचे रेणू धरलेल्या रूपाचं ४०८. या शेवटच्या रूपाचे १० मिलिग्रॅम तोललेत तर खरं बर्बेरिन भरतं सव्वाआठ मिलिग्रॅम. वेगवेगळ्या शोधनिबंधांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं एक साधं कारण हेच असतं.

हे अल्कलॉइड कॉलममधल्या सिलिकाला चिकटतात आणि पीकला शेपूट फुटतं. म्हणून फार्माकोपियाच्या पद्धतीत सोडियम डोडेसिल सल्फेट घालतात. त्यानं पीक सुरेख येतात, पण तो कॉलम मग दुसऱ्या कामाला जवळपास निरुपयोगी होतो, आणि असलं द्रावण मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात) चुकूनही सोडायचं नसतं. तिथे फॉर्मिक आम्ल वापरा.

मास स्पेक्ट्रोमीटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बर्बेरिन आणि एपिबर्बेरिन दोघांचं वस्तुमान ३३६च. जॅट्रोरायझिन आणि कोलंबॅमिन दोघांचं ३३८. ही भावंडं वेगळी करायची तर कॉलमवरच करावी लागतात.

आणि तरंगलांबी. ३४५ नॅनोमीटरवर पाहिलं तर पिवळी मंडळी लख्ख दिसतात, पण मॅग्नोफ्लोरिनसारखा रंगहीन अल्कलॉइड जवळजवळ दिसतच नाही. डायोड-अ‍ॅरे डिटेक्टर (एकाच वेळी अनेक तरंगलांब्यांवर पाहणारा) असेल तर २७० च्या आसपासही आलेख काढा. जे मोजलंच नाही त्याला नंतर श्रेय किंवा दोष देता येत नाही.

पाचवा टप्पा: गुणाची चाचणी

रसायनात चोख असलेले प्रोजेक्ट इथे घसरतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

जिवाणूंसाठी सगळे एमआयसी काढतात, म्हणजे वाढ थांबवणारं किमान प्रमाण. उत्तर येतं ६४, १२८ किंवा २५६, दर पायरीला दुप्पट. वीस नमुन्यांपैकी बारांचं उत्तर १२८ आलं तर त्यांच्यात फरक काय शोधणार? मला वाढीचा आलेख जास्त भरवशाचा वाटतो. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ६०० नॅनोमीटरवर दर तासाला वाचन घ्यायचं आणि वाढ निम्मी करणारं प्रमाण काढायचं. हा आकडा सलग बदलतो, त्यामुळे पुढच्या गणिताला उपयोगी पडतो.

जिवाणू वाढवायच्या जेलीत, म्हणजे अगारमध्ये, भोक पाडून वर्तुळ मोजायची पद्धत दिसायला छान, फोटोही सुंदर येतो. पण धनभारित अल्कलॉइड अगारला कमीजास्त चिकटतात आणि वेगवेगळ्या वेगानं पसरतात. मोठं वर्तुळ पडलं ते घटक जोरदार म्हणून, की नुसता भराभर पसरला म्हणून, हे कळायला मार्ग नाही. चाळणी म्हणून वापरा, मोजमाप म्हणून नको.

रंगाचा घोटाळा तर हमखास. बर्बेरिन ४२० नॅनोमीटरच्या आसपासही प्रकाश शोषतं. एन्झाइमांच्या चाचण्यांत हे नडतं: अल्फा-ग्लुकोसिडेज चाचणीतला पिवळा रंग ४०५ वर वाचतात, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजच्या एलमन चाचणीतला ४१२ वर. दोन्ही ठिकाणी अर्काचा स्वतःचा पिवळेपणा वाचनात मिसळतो. प्रत्येक प्रमाणासाठी एन्झाइमशिवायचा, फक्त अर्काचा खळगा ठेवा आणि त्याचं वाचन वजा करा. तरीही शंका उरली तर दुसऱ्या तत्त्वावरची चाचणी घ्या. आणि प्लेट झाकून ठेवा. प्रकाशात बर्बेरिन ऑक्सिजनचं क्रियाशील रूप तयार करतं आणि जिवाणूंना आणखी इजा करतं. खिडकीजवळची प्लेट ‘जास्त प्रभावी’ ठरेल.

बाकी नेहमीचंच: किमान तीन वेगळ्या दिवशी पुनरावृत्ती, ओळखीचं प्रतिजैविक तुलनेला, नुसत्या द्रावकाचा खळगा, आणि प्लेट लावणाऱ्याला नमुन्याचं नाव माहीत नसलेलं बरं.

सहावा टप्पा: दोन तक्त्यांची गाठ

आता तुमच्याकडे दोन तक्ते आहेत. एकात प्रत्येक नमुन्यातले पीक, दुसऱ्यात त्याच नमुन्याचा गुण. सहसंबंध गुणांक काढायला एक्सेल पुरतं. पण हे गणित बघा. दहा नमुने असतील तर ०.६३२ च्या पुढचा सहसंबंध ‘लक्षणीय’ धरतात, पाच टक्के चुकीची मुभा ठेवून. तुमच्याकडे वीस पीक असतील तर त्यांतला एखादा निव्वळ नशिबानंही ही रेषा ओलांडेल. नमुने कमी आणि पीक जास्त असताना सापडलेल्या संबंधावर मी तरी पैज लावणार नाही.

दुसरी अडचण नात्याची. बर्बेरिन, कॉप्टिसिन, पाल्मॅटिन झाडात एकाच पूर्वज रेणूपासून, स्कुलेरिनपासून, बनतात. ज्या वर्षी एक वाढतं त्या वर्षी बाकीचेही बहुधा वाढतात. मग गुण एकाचा असला तरी सहसंबंध तिघांचाही दिसतो. पार्शियल लीस्ट स्क्वेअर्स हे संख्याशास्त्रातलं तंत्र अशा गुंत्यात बरं चालतं, आणि कोणता पीक किती वजनाचा याची क्रमवारीही देतं. चिनी निबंधांत ‘ग्रे रिलेशनल’ विश्लेषणही खूप दिसेल. थोड्या नमुन्यांवर चालतं म्हणून ते लोकप्रिय आहे, पण त्यात बहुतेक सगळ्याच पीकना ०.६ च्या वरचा आकडा मिळतो. नुसत्या त्याच्या जिवावर निष्कर्ष काढू नका.

गणितापेक्षा चांगला उपाय प्रयोगातच आहे. अर्काचे चार-पाच भाग वेगळे करा आणि ते ठरवून वेगवेगळ्या प्रमाणांत पुन्हा मिसळा. झाडानं बांधलेलं घटकांचं नातं असं तुम्हाला हातानं तोडता येतं. पंधरा-वीस मिश्रणं आणि तेवढ्याच चाचण्या, पण उत्तर स्वच्छ मिळतं.

सातवा टप्पा: काढून बघा, परत घालून बघा

संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. प्रिपरेटिव्ह (वेगळा झालेला घटक गोळा करता येईल अशा मोठ्या) एचपीएलसीवर संशयित पीक तेवढा अर्कातून काढून घ्या. मग चार चाचण्या एकाच दिवशी लावा: पूर्ण अर्क, बर्बेरिन काढलेला अर्क, त्या अर्कात होतं तेवढंच बर्बेरिन परत घातलेला अर्क, आणि तेवढंच नुसतं बर्बेरिन.

मीठ काढलं की आमटी बिघडते, पण म्हणून नुसतं मिठाचं पाणी म्हणजे आमटी होत नाही. बर्बेरिन काढल्यावर गुण कोसळला आणि परत घातल्यावर पूर्ववत झाला, तर ते गरजेचं आहे एवढं ठरलं. नुसतं बर्बेरिनही पूर्ण अर्काएवढंच चाललं, तरच ते पुरेसं आहे. तिसरी चाचणी गाळण्याकडे कल असतो, ती गाळू नका. गुण कमी झाला तो घटक गेल्यामुळे की कॉलमच्या आम्लात अर्काचे हाल झाल्यामुळे, हे तीच सांगते.

पूर्ण अर्क नुसत्या बर्बेरिनपेक्षा सरस ठरला, तर मजा सुरू होते. २००० साली प्रसिद्ध झालेलं एक काम इथे आठवतं. दारुहळदीच्याच वंशातल्या, अमेरिकेतल्या बर्बेरिस फ्रेमोंटाय या झुडपात ५′-मेथॉक्सिहायड्नोकार्पिन नावाचा पदार्थ सापडला. तो स्वतः जिवाणूंना काहीच करत नाही. पण स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू आत शिरलेलं बर्बेरिन ज्या नॉरए पंपानं बाहेर फेकतो, तो पंप हा पदार्थ बंद पाडतो. एकेक पीक सुटा काढून जिवाणूंवर घालणाऱ्यानं हा पदार्थ ‘निष्क्रिय’ म्हणून टाकून दिला असता.

अशी जोडी पकडायची तर चेकरबोर्ड चाचणी लावा: एका दिशेला बर्बेरिनचं प्रमाण चढतं, दुसऱ्या दिशेला जोडीदाराचं. त्यातून निघणारा एफआयसी निर्देशांक (जोडीत लागणारं प्रमाण सुट्याच्या तुलनेत किती, याचा आकडा) ०.५ किंवा त्याखाली आला तर एकमेकांना साथ, ४ च्या वर गेला तर एकमेकांना विरोध. मधल्या आकड्यांना ‘सिनर्जी’ (साथ) म्हणायचा आग्रह निबंध लिहिणाऱ्यांनी सोडलेला बरा.

आठवा टप्पा: पोटातून रक्तात जातं का?

आतड्याचा प्रश्न घेतला असेल तर हा टप्पा हलका आहे. पण २००४ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की रोज दोनदा अर्धा ग्रॅम बर्बेरिन तीन महिने घेतल्यावर रुग्णांचं एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल सुमारे २५ टक्क्यांनी उतरलं. तेव्हापासून या मुळीकडे सगळे चरबी आणि साखरेसाठी बघू लागले. अडचण अशी की उंदरांमध्ये तोंडावाटे दिलेल्या बर्बेरिनपैकी एक टक्काही रक्तात जेमतेम पोहोचतं. मग काम कोण करतं?

एक धागा २०१५ च्या कामातून मिळाला: आतड्यातले जिवाणू बर्बेरिनचं डायहायड्रोबर्बेरिन करतात, ते कितीतरी सहज शोषलं जातं, आणि आतड्याच्या भिंतीत त्याचं पुन्हा बर्बेरिन होतं. म्हणजे यकृताच्या पेशींवर थेट काढा ओतून मिळालेला आकडा शरीरातल्या घडामोडींबद्दल फार थोडं सांगतो. ज्यांना अशा गुणाचा माग काढायचाय त्यांनी फिंगरप्रिंट काढ्याचा नव्हे, तर काढा दिलेल्या प्राण्याच्या रक्ताचा काढावा, आणि सहसंबंध रक्तात दिसलेल्या पीकशी लावावा. त्यासाठी प्राणी-प्रयोगाच्या नैतिक समितीची मंजुरी आधी हवी, आणि ती यायला महिने लागतात, हे वेळापत्रकात धरा.

याच टप्प्यावर अपायाचाही आकडा काढा. बर्बेरिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून बिलिरुबिनला (काविळीतल्या पिवळ्या द्रव्याला) हुसकावतं, म्हणून नवजात बाळांना आणि गरोदर बायकांना ते देत नाहीत. घटक आणि गुण जोडताना हा ‘गुण’ही त्याच तक्त्यात बसतो.

ज्यांना हे सगळं ह्वांगल्येनशिवाय करून बघायचंय त्यांच्यासाठी: पहिल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या काष्ठौषधींच्या दुकानांतून दारुहळद आणा, प्रत्येकीचा छेद बघा, एकाच दिवशी तिन्हींचे काढे करा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाशी बसलेला गाळ तोला. तिन्हींचा सारखा भरला, तर चौथं दुकान शोधा.